आयक्यूएसीवर नाव गेलंय ना, मग आता ऐक

बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. आयक्यूएसीवर, म्हणजे कॉलेजच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या कमिटीवर, स्टुडंट नॉमिनी म्हणून तुझं नाव गेलं, छान झालं, पण आधी खरं सांगते, तुला घेतलं ते कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकचा नियम आहे म्हणून. प्रिन्सिपल, सीनियर टीचर, मॅनेजमेंटचा एकजण, ऑफिसातले, कोणीतरी इंडस्ट्रीवाले, एक माजी विद्यार्थी आणि एक आत्ताचा, असा साचाच ठरलेला आहे. वाईट वाटून घेऊ नको. खुर्ची कशी का मिळेना, मिळाली ना!

मी पण बसलेय त्या खुर्चीवर. पहिल्या मीटिंगला हातात जाडजूड फाइल दिली, समोर चहा नि पॅटिस, दीड तास सगळे मोठे बोलत राहिले आणि शेवटी एक मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, एनी सजेशन फ्रॉम द स्टुडंट्स? मी काय म्हटलं असेन? नो मॅडम, एव्हरीथिंग इज फाइन. त्याच संध्याकाळी माझी वाळपईची बस चुकली, कारण आमचं प्रॅक्टिकल सुटायची वेळ आणि बस सुटायची वेळ एकच होती, आणि हे मला रोज माहीत होतं, तरी त्या टेबलावर ते सांगण्यासारखं काही आहे असं डोक्यातच आलं नाही.

पुढच्या मीटिंगच्या आधी मग मी पंधरा दिवस वहीत लिहून काढलं, कोण कोण जर्नल अर्धं टाकून पळतं, कुठल्या बससाठी, किती मिनिटं आधी. एक पान झालं. ते पान फिरवलं तेव्हा कोणी वाद घातला नाही, टाइमटेबल बघणाऱ्या सरांनी पेन काढलं नि प्रॅक्टिकल वीस मिनिटं आधी घेतलं. माझ्या दोन वर्षांत एवढं एकच काम झालं, खोटं कशाला सांगू.

तुझे फ्रेंड्स आता सगळी यादी तुझ्या गळ्यात टाकतील, कँटीनचा पंखा, वायफाय, अमुक सर शिकवतच नाहीत. टॉयलेटचा विषय घे, बिनधास्त घे, मुली तो बोलत नाहीत म्हणून तसाच राहतो. पण कुठल्या सरांचं नाव मीटिंगमध्ये काढू नको, ते एचओडीकडे किंवा ग्रीव्हन्स सेलकडे. आणि सिलॅबस बदला म्हणून भांडू नको, तुमचं कॉलेज ऑटोनॉमस नाही, सिलॅबस ठरतो तिथे ताळगावच्या पठारावर, गोवा युनिव्हर्सिटीच्या बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये. कॉलेजच्या हातात काय आहे ते बघ. आयएसएच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या छोट्या परीक्षांच्या, तारखा आहेत ना! गणेश चवथीची सुट्टी संपली की एकाच आठवड्यात तीन-चार आयएसए येतात म्हणून तूच रडत होतीस, मग सगळ्या विषयांच्या तारखा एका कागदावर मांड आणि दाखव, टीचरना पण एकमेकांच्या तारखा माहीत नसतात.

फीडबॅक फॉर्मचं एक बोलायचंच राहिलं. तुमची पोरं दोन मिनिटांत सगळीकडे एक्सलंट टिक करतात आणि मग कॉरिडॉरमध्ये शिव्या घालतात. तो फॉर्म आयक्यूएसीच्या टेबलावर येतो, तिथे सगळंच एक्सलंट असेल तर तू एकटी काय सांगणार, कोण ऐकणार. वर्गात जाऊन हे स्पष्ट सांग.

इंग्लिशची भीती वाटते म्हणालीस. अगं, चौथीपर्यंत मराठी नि पाचवीपासून एकदम इंग्लिश, आपण सगळे असेच वाढलो, त्या टेबलावरचे अर्धेअधिक पण. अडलीस तर कोंकणी-मराठीत बोल, समजतं सगळ्यांना. फक्त तुझा मुद्दा मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, लिहिला गेला का ते बघ, मिनिट्स नाहीत तर तू बोललीसच नाहीस असं धर. दर तीन महिन्यांनी एकदा तरी मीटिंग व्हायला हवी, तेव्हा पुढच्या वेळी ॲक्शन टेकन रिपोर्ट, म्हणजे मागच्या मुद्द्यांचं काय केलं ते, मागायचा, गोड आवाजात, पण मागायचा.

मीटिंग बुधवारी आहे ना? मंगळवारी रात्री तुझा कागद मला व्हॉट्सॲप कर. एका पानापेक्षा मोठा असला तर मी वाचणार नाही.

तुझी ताई