चित्र उभं बघायचं की आडवं?

वाचकांचे प्रश्न : आजची दृश्यकला

प्रश्न : मुंबईला गेलो की जहांगीर कलादालनात डोकावतो. समोर नुसते रंगाचे डाग आणि पाटीवर ‘शीर्षकहीन’. पाच मिनिटांत बाहेर! सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, रत्नागिरी

पाटीपासूनच करा, पण शीर्षक सोडून त्याखालचं वाचा : साल, माध्यम, आकार. आकारात सहसा उंची आधी देतात, रुंदी नंतर. माध्यम वाचलं की ‘हे कशाचं आहे?’ऐवजी ‘हे झालं कसं?’ असा प्रश्न मनात येतो आणि त्याचं उत्तर चित्रातच सापडतं.

सगळं दालन बघायचा हट्ट नको. एक फेरी मारा, दोन चित्रं निवडा आणि प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. आधी अख्खं चित्र नजरेत मावेल इतकं लांब उभं राहा, मग हातभर अंतरावर या. शेवटी बाजूने, तिरप्या उजेडात बघा. रंग कुठे साचलाय, कुठे खरवडलाय, कुठे खालचा थर वर डोकावतोय, ते तिथूनच दिसतं.

मूळ गोव्याच्या घरातले चित्रकार वासुदेव गायतोंडे ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरत. थर चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा. त्यांच्या चित्रात डोंगर किंवा समुद्र शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. थर मोजायला लागा, मग वेळ कसा गेला ते कळणार नाही.

प्रभाकर बरवे (जन्म १९३६, अलिबागजवळचं नागाव) यांची चित्रं वेगळ्या तऱ्हेने अडवतात. पान, घड्याळ, शंख, सगळं ओळखीचं. पण मोकळ्या अवकाशात शेजारी ठेवलेल्या या वस्तूंचं आपसातलं नातं मात्र ओळखीचं नाही. त्यांनी साधा डब्यातला एनॅमल रंगही वापरला. नवखा प्रेक्षक इथे हमखास एक चूक करतो : पान म्हणजे निसर्ग, घड्याळ म्हणजे काळ, झालं! असं कोडं सोडवून मोकळं होऊ नका. कुठली वस्तू किती मोठी आहे आणि दोघींत किती जागा सोडलीय, ते बघा. राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावरच्या कातळशिल्पांचा अर्थ कुणालाच नक्की ठाऊक नाही, म्हणून तिथून कुणी पाच मिनिटांत परत फिरत नाही. तेवढी सवलत कॅनव्हासलाही द्या.

प्रश्न : भिंतीला चिकटपट्टीने केळं चिकटवलं आणि ते कोट्यवधींना विकलं, ही कला कशी? – एक वाचक, मालवण

इटालियन कलावंत मॉरिझिओ कातेलान यांचं ते काम २०१९ साली मायामीत मांडलं गेलं आणि २०२४च्या लिलावात त्याची एक प्रत ६२ लाख डॉलरना गेली. विकत घेणाऱ्याला केळं नव्हे, तर प्रमाणपत्र आणि ते कसं लावायचं याच्या सूचना मिळतात. केळं कुजलं की दुसरं आणायचं. बाजाराची टर उडवणारा हा विनोद आम्हाला एकदाच हसवतो. त्यावरून सगळ्या समकालीन कलेला निकालात काढू नका.

वस्तूंतूनच केलेलं, पण पुरून उरणारं काम बघायचं तर शीला गौडा यांचं १९९८ सालचं मांडणशिल्प घ्या. लांबून जाडजूड लाल दोर जमिनीवर आणि भिंतीवर वेटोळं घालून पडलेला वाटतो. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक धागा सुईच्या नेढ्यातून ओवलाय, असे कितीतरी धागे गोंद आणि कुंकवाने एकत्र चिकटवलेत आणि टोकाला त्या सुयांचा झुबका लोंबतोय. शिवणकाम, कुंकू, टोचणं : अर्थ पाटीवर शोधावा लागत नाही. याच कलावतीने शेणातूनही कामं केलीत, हे सारवलेल्या अंगणात वाढलेल्यांना सांगायला हवं का?

प्रश्न : २५ प्रतींपैकी ७ वी प्रत असलेलं एक मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र) घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात काचेआड करडे ठिपके आले. – एक वाचक, देवगड

बहुतेक बुरशी आहे. कागद काचेला टेकला की ओल तिथेच अडकते. मागे हार्डबोर्ड असेल तर त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं. फ्रेम उघडा, कागद सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या. मग नाकाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने अलगद झटका. ओलं फडकं लावलंत तर बुरशी कागदात मुरेल. उन्हात ठेवलंत तर रंग उडेल. तपकिरी डाग राहिलेच तर खोडत बसू नका, ते काम कागद-संवर्धकाचं.

पुन्हा फ्रेम करताना आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) मागा. काच आणि कागद यांत निदान दोन-तीन मिलिमीटर जागा हवी. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे फ्रेममागून हवा खेळेल. पावसाचा मारा झेलणारी भिंत टाळा, आतली निवडा. खाली पेन्सिलीने लिहिलेले ७/२५ आणि सही माउंटखाली झाकू देऊ नका. फ्रेमवाले कडा नीट दिसावी म्हणून नेमकं तेच करतात.

प्रश्न : मुंबईला न जाता कुठे बघता येईल? – एक वाचक, कुडाळ

गोवा तुम्हाला जवळ. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, २०१६ पासून. पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा हे समकालीन कलेचं संग्रहालय आहे. महोत्सवात व्हिडिओकाम दिसलं तर आधी पाटीवर त्याची लांबी बघा; चाळीस मिनिटांचं काम मधूनच दोन मिनिटं बघून ‘कळलं नाही’ म्हणणाऱ्यांची गर्दी तिथे असतेच. कोकण रेल्वेने करमळीला उतरलात की पणजी जवळच.