निम्म्या भाड्याचे तोक्योतील घर घ्यावे का?

एप्रिलमध्ये नोकरीनिमित्त तोक्योला येताना निशी-कसाई भागातील 'युआर'ची एक सदनिका निम्म्या भाड्यात मिळते आहे, पण तिथे पूर्वी कोणाचा तरी मृत्यू झाल्याचे कळल्यापासून घरची मंडळी बिथरली आहेत, असे आपण लिहिले आहे. यात फसवणूक नाही. युआर ही निमसरकारी गृहनिर्माण संस्था अशी घरे 'तोकुबेत्सु बोशू' (म्हणजे विशेष भाडेकरू-भरती) या नावाने उघडपणे वेगळी काढते आणि सुरुवातीचे एक किंवा दोन वर्षे अर्धेच भाडे घेते. मुदत संपताच पूर्ण भाडे सुरू होते, त्यामुळे आपल्या पगाराचा हिशेब पूर्ण भाड्यावरच मांडावा.

मृत्यू म्हटले की लगेच खून मनात आणू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे निधन व्हावे आणि शेजाऱ्यांना कित्येक दिवस पत्ताही नसावा, हे जपानात इतके परिचित आहे की त्याला 'कोदोकुशी' असे नावच पडले आहे; याच भीतीने अनेक घरमालक वृद्धांना घर देण्यास कचरतात.

खासगी घर पाहणार असाल, तर मात्र अधिक सावध राहावे. ऑक्टोबर 2021 मध्ये तेथील बांधकाम-वाहतूक मंत्रालयाने दलालांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार म्हातारपणाने किंवा आजाराने आलेला मृत्यू, जिन्यावरून पडणे, न्हाणीच्या टबात बुडणे यांसारख्या गोष्टी साधारणपणे सांगाव्या लागत नाहीत. आत्महत्या, खून किंवा विशेष साफसफाई करावी लागलेला मृत्यू असेल, तर भाड्याच्या घराबाबत सुमारे तीन वर्षे तो सांगावा लागतो. विक्रीच्या घराला अशी कालमर्यादा नाही. खरी मेख पुढे आहे: तीन वर्षांनंतर दलाल आपणहून बोलणार नाही, परंतु भाडेकरूने थेट विचारल्यास, कितीही काळ लोटला असला तरी, ठाऊक असलेले सांगणे त्याला भाग आहे. म्हणून करारापूर्वी घराची अधिकृत माहिती वाचून दाखवतात, त्या बैठकीत हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. जाहिरातीत 'कोकुची जिको आरी' असे दिसले, तर सांगण्याजोगे काही आहे असे समजावे. 'ओशिमा तेरू' या संकेतस्थळाच्या नकाशावर अशी घरे ज्वाळेच्या खुणेने दाखवलेली असतात. मात्र तिथे नोंदी लोकच करतात, तेव्हा ती माहिती पुरावा मानू नये.

श्रद्धेचे म्हणाल, तर जपानच्या शिंतो या पारंपरिक धर्मात मृत्यूमुळे 'केगारे', म्हणजे आपल्या सुतकासारखी अशुद्धी, येते आणि ती पुजाऱ्याकडून 'ओहाराई' विधी करवून घालवतात. प्रेताचे डोके उत्तरेकडे ठेवण्याची प्रथा असल्याने उत्तरेकडे उशी करून झोपणे तिथेही अनेकजण टाळतात. (आपल्या सासूबाईंना हे ऐकून निदान परकेपणा वाटणार नाही.)

माझे मत विचाराल, तर कारण समजल्यावर मन निवांत होत असेल तर घर घ्यावे. नसेल, तर स्वस्ताईसाठी घरात रोजची धुसफूस ओढवून घेऊ नये. युआरला 'रेइकिन' (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम), दलाली आणि जामीनदार लागत नाहीत, आणि परदेशी भाडेकरूला नकार देणारे खासगी मालक पाहता नवख्या कुटुंबाला हाच दिलासा मोठा आहे. हे घर नको असल्यास त्यांच्याच साध्या सदनिकांची चौकशी करावी.