लपलेला वेग शोधण्याआधी
भावा, नव्या ग्राफिक्स कार्डाबद्दल अभिनंदन! पण बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून 'बंद ठेवलेले कोअर' (चित्राची आकडेमोड करणारे भाग) उघडतात, असले व्हिडिओ बघून लगेच हात घालू नकोस. २०१० च्या रेडिऑन एचडी ६९५० या कार्डवर हे खरंच जमायचं. आताच्या कार्डांत जादा कोअर कारखान्यातच कायमचे बंद होतात. चुकीचा बायोस टाकलास तर कार्ड सुरूच न होण्याची भीती असते.

त्यापेक्षा हे बघ:
- मॉनिटरची केबल कार्डलाच लावलीस ना? बरेच नवखे मदरबोर्डला लावतात आणि कार्ड नुसतं बसून राहतं.
- ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्याच साइटवरून घे.
- सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. फार तापलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नकोस, धूळ काढत जा.

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, नंतर बघू. आधी गेम चालू असताना तापमान किती येतंय ते कळव.