सीआरपीचा आकडा वाचण्याआधी

वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगतो, रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघ. सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, कुठली लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, कुठली प्रति डेसिलिटरमध्ये. फरक थेट दहापटीचा. २०२१ च्या कोविड लाटेत एका आजोबांचा ‘९’ बघून मी निश्चिंत झालो होतो. ते खरे ९० होते. तो कागद अजून डोळ्यांसमोर आहे.

एकाच आकड्यावर विसंबू नकोस, चढ-उतार बघ. कोविडच्या पेशंटमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घटतायत, सीआरपी आणि एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढतायत, तर त्या पेशंटजवळ पुन्हा जा, श्वास मोज. न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, निघतं, गरिबालाही परवडतं. पण स्टेरॉइड सुरू असेल तर ते तसंही वाढतं, म्हणून औषधांचा कागद आधी वाच. फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, कोविडसारखं डेंग्यूतही चढतं, पावसाळ्यात हे विसरू नकोस.

आणि कोविडमध्ये ऑक्सिजन ९६ टक्के असताना केवळ सीआरपी बघून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लिहू नकोस रे. रिकव्हरी या ब्रिटनमधल्या कोविड औषधांच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच दिसला होता. टोसिलिझुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधासाठीही तिथे सीआरपी किमान ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ऑक्सिजन कमी, दोन्ही लागत होतं.