उदयपूरच्या तीन रात्री आणि स्टेटमेंटमधली तळाची ओळ

प्रश्न नाशिकच्या एका वाचकांचा आहे. लग्नाला 15 वर्षं होतायत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बायकोला घेऊन उदयपूरला तलावाकाठच्या फाईव्ह स्टार हॉटेलात तीन रात्री राहायचंय, आणि तेही स्वस्तात. क्रेडिट कार्डावर 62 हजार पॉईंट्स जमलेत. बँकेतला माणूस म्हणतो कार्ड अपग्रेड करा, वर्षाची फी साडेबारा हजार पण एक रात्र फुकट, आणि उरलेल्या खर्चाला एक लाखाचं ट्रॅव्हल लोन, 9 हजार हप्ता, वर्षभर. ते विचारतात, घेऊ का? सोबत स्टेटमेंटचा फोटो पाठवलाय आणि जाता जाता लिहिलंय की "मिनिमम ड्यू कधी चुकवत नाही, उलट त्याच्यापेक्षा जास्तच भरतो."

अहो, मी तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी तो फोटो बघू. तुम्ही निळ्या पेनाने पॉईंट्सच्या चौकटीला गोल केलाय. आणि अगदी तळाला, फोटोत अर्धी कापली गेलेली एक ओळ आहे, फायनान्स चार्जेस, म्हणजे थकबाकीवरचं व्याज. मला त्या ओळीबद्दल बोलायचंय, कारण हॉटेल वगैरे सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे.

जानेवारीत तुमची थकबाकी होती 1 लाख 40 हजार, आता आहे 1 लाख 80 हजार. तुम्हाला वाटतं खर्च वाढला. नाही वाढला. तुम्हीच लिहिलंय की महिन्याला कार्डावर 20 हजारांची खरेदी होते आणि तुम्ही 22 हजार भरता, म्हणजे खर्चापेक्षा दोन हजार जास्तच. तरी आठ महिन्यांत कर्ज 40 हजारांनी वाढलं. हे सगळं व्याज आहे. तुमच्या कार्डाचा दर महिना 3.6 टक्के, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाचार टक्के धरा, म्हणजे वर्षाला 50 च्या वर. आठ महिन्यांत साधारण 55 हजार गेले. आणि तुमचे 62 हजार पॉईंट्स? 62 हजार रुपये नाहीत ते. तुमच्याच कार्डावर एका पॉईंटचे 25 पैसे मिळतात, म्हणजे साडेपंधरा हजार, तेही तीन वर्षांत जमलेले.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरला म्हणजे लेट फी लागत नाही, एवढंच. व्याज थांबत नाही. आणि बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीवरची 45-50 दिवसांची बिनव्याजी सवलतही जाते, आज किराणा घेतला की आजपासून व्याज चालू. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेने स्टेटमेंटवर छापायलाच लावलाय, तुमच्याही असणार, पण तो वाचतो कोण, आणि बँकेतला माणूस तर तुम्हाला वाचून दाखवणार नाहीच. मला राग त्याचाच येतो. त्याच्या स्क्रीनवर तुमची थकबाकी दिसत असताना तो तुम्हाला वरचं कार्ड आणि वर लोन विकतोय.

तुमची 3 लाखांची एफडी आहे, 7 टक्क्यांची, "इमर्जन्सीसाठी, हात लावायचा नाही" असं लिहिलंय. लावा हात. 1 लाख 80 हजारांवर ती वर्षाला साडेबारा हजार देते आणि तेवढीच थकबाकी तुमच्याकडून वर्षाला 90 हजार घेते. मुदतीआधी मोडली म्हणून एखादा टक्का कापतील, कापू दे. मोडायला मन होतच नसेल तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून कर्ज, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतो, तरी कार्डाच्या जवळपासही जात नाही. पण मोडलेलीच बरी, सव्वा लाखाच्या आसपास उरतात ते तसेच ठेवा. या आठवड्यात करा, रोजचे अडीचशे रुपये जातायत तुमचे.

अपग्रेड नको. साडेबारा हजारांवर 18 टक्के जीएसटी धरून पावणेपंधरा हजार झाले, "फुकट" रात्रीसाठी, आणि ती रात्र 25 डिसेंबरच्या आठवड्यात चालते का हे त्याला लेखी विचारा, बहुतेक वेळा ऐन सीझनच्या तारखा वगळलेल्या असतात. लोनही नको. पण 9 हजार हप्ता जमेल असं तुम्ही म्हणालात ना, ते चांगलं झालं. ते 9 आणि कार्डावर जास्तीचे भरता ते 2, असे 11 हजार. त्यातले 6 एफडी परत भरायला, 5 आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीत, सहलीसाठी. ऑक्टोबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत 55 हजार.

आता उदयपूर. डिसेंबरचा शेवट म्हणजे नाताळ, न्यू इयर आणि लग्नांचा सीझन तिथे एकत्र असतो, त्या दिवसांत स्वस्त काही शोधू नका, मिळणार नाही. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात जा, पाऊस बरा झाला असेल तर पिछोला आणि फतेहसागर हे तलाव भरलेले असतात, डोंगर हिरवे असतात आणि दर उतरलेले. रविवार ते गुरुवार राहा, शनिवार टाळा. आणि बुकिंग करताना 7,500 चा आकडा लक्षात ठेवा: 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलात की 18. म्हणजे 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,900 ची 9,300 च्या वर, पाचशेच्या फरकाला दीड हजार. डिस्काउंट जाऊन जो दर उरतो त्यावर हे ठरतं, म्हणून ॲपवर दर बघून झाला की हॉटेलला थेट फोन करा आणि विचारा, याच दरात किंवा जरा कमी करून देता का, नाश्ता धरून किती. रिकाम्या दिवसांत ऐकतात. लालघाट-गणगौर घाटाकडच्या जुन्या हवेल्यांमध्येही तलाव खिडकीतून दिसतो. दोन रात्री तिथे आणि शेवटची एक मोठ्या हॉटेलात, असं केलंत तर वहिनींना राजवाड्याचा थाटही मिळेल आणि 55 हजारांत प्रवास-जेवण सगळं बसेल. डिसेंबरच्या तारखेला घरीच छान जेवण करा आणि ऑगस्टचं बुकिंग त्यांच्या हातात द्या, त्यांना आवडेल बघा.

एक सांगायचं राहिलं. कार्डाची पूर्ण रक्कम भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज दिसेल, स्टेटमेंट निघालं त्या दिवसापासून पैसे पोचेपर्यंतचं. घाबरू नका आणि फोनवर भांडत बसू नका, तेही पूर्ण भरा. त्याच्या पुढच्या महिन्यात ती ओळ शून्य दिसायला हवी. तोपर्यंत किराणा यूपीआयने आणा, आणि शून्य दिसलं की मला फोटो पाठवा, या वेळी तळापर्यंत पूर्ण.