सॅस, स्टाईलशीट आणि जुने फोन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चिखली तालुक्यात सोयाबीन आणि तुरीचे रोजचे भाव दाखवणारे संकेतस्थळ मी एकटाच सांभाळतो. एक रंग बदलायचा तरी सगळी स्टाईलशीट, म्हणजे पानाचे रूप ठरवणारी फाईल, धुंडाळावी लागते. सॅस (स्टाईलशीटची भाषा सीएसएस तयार करून देणारे साधन) घेतल्याने हे सुटेल का?

उत्तर : सुटेल, पण मांडणी आपल्यालाच करावी लागेल. ब्राउझरला सॅस कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती शेवटी साधी सीएसएसच. रंग, अंतरे आणि अक्षरांचे आकार एका फाईलमध्ये ठेवावेत, आणि भावाचा तक्ता, मथळा, फॉर्म यांना प्रत्येकी स्वतंत्र फाईल द्यावी. फाईलचे नाव अंडरस्कोअरने सुरू केले की सॅस तिची वेगळी सीएसएस बनवत नाही. रंगासारखे मूल्य साठवणाऱ्या व्हेरिएबलला ‘हिरवा’ असे नाव देण्याऐवजी ‘भाववाढ’ असे द्यावे, म्हणजे उद्या रंग निळा केला तरी नाव खोटे ठरत नाही. फाईली जोडण्यासाठी २०१९ मध्ये आलेला ‘यूज’ हा नियम वापरावा. जुना ‘इम्पोर्ट’ ऑक्टोबर २०२४ पासून मोडीत काढण्याच्या यादीत गेला आहे.

प्रश्न : कापसाच्या भावाची कार्डे माझ्या लॅपटॉपवर सुटी दिसतात, पण दारव्ह्याकडच्या खेड्यांतील जुन्या फोनवर एकमेकांना चिकटतात. ब्राउझरला एखादी सोय येते का हे तपासणारी ‘सपोर्ट्स’ची अट घालूनही फरक पडत नाही.

उत्तर : हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे भाव पाहणाऱ्याच्या हातात बहुधा असाच फोन असतो. आपण फ्लेक्सबॉक्समध्ये, म्हणजे घटक एका रांगेत मांडण्याच्या पद्धतीत, ‘गॅप’ (घटकांमधले अंतर) वापरली असणार. ती क्रोममध्ये जुलै २०२० च्या ८४ व्या आवृत्तीत आणि सफारीत एप्रिल २०२१ च्या १४.१ आवृत्तीत आली. ग्रिडमधील, म्हणजे आडव्या-उभ्या चौकटींच्या मांडणीतील, ‘गॅप’ मात्र त्याआधीपासून चालत होती. त्यामुळे ‘गॅप येते का?’ असे विचारले की जुना ब्राउझरही ‘येते’ म्हणतो, आणि ती ग्रिडपुरतीच येते हे सांगण्याची सोय त्या अटीत नाही. ऑटोप्रिफिक्सरचाही येथे उपयोग नाही, कारण ते साधन सीएसएसला ‘वेबकिट’सारखे ब्राउझरनिहाय उपसर्ग जोडते, नसलेली सोय निर्माण करत नाही. कार्डे ग्रिडमध्ये बसत असतील तर ग्रिडच घ्यावी. नसतील तर प्रत्येक कार्डाला चारही बाजूंनी अर्ध्या अंतराचे मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) आणि बाहेरच्या डब्याला तेवढेच ऋण मार्जिन देणारे एक मिक्सिन (नाव देऊन ठेवलेला, हवा तिथे बोलवता येणारा नियमांचा गट) लिहावे, आणि जिथे अंतर हवे तिथे तेच बोलवावे. ते जुने फोन वापरातून गेले की एकाच मिक्सिनमध्ये दोन ओळी बदलल्या म्हणजे काम संपते. हीच मार्जिने बारा फाईलींत पसरलेली असतील, तर ती काढण्याचे धाडस कोणी करत नाही.

प्रश्न : पेऱ्याचे एकर निवडण्यासाठी सरकपट्टी केली. तिच्या मुठीचा रंग फायरफॉक्समध्ये येतो, क्रोममध्ये येत नाही. दोन्हींसाठी सॅसचे ‘एक्स्टेंड’ (एकाचे नियम दुसऱ्यालाही लावणारी सोय) वापरले आहे.

उत्तर : आपण तयार झालेली सीएसएस उघडून पाहावी. ‘एक्स्टेंड’ने क्रोमसाठीचा ‘वेबकिट’ आणि फायरफॉक्ससाठीचा ‘मोझ’ हे दोन्ही निवडक (नियम कशाला लागू हे सांगणारी नावे) स्वल्पविराम देऊन एका नियमात बसवलेले दिसतील. अशा यादीतील एक निवडक जरी ब्राउझरला अनोळखी असला, तरी तो संपूर्ण नियम टाकून देतो. क्रोमला ‘मोझ’चा निवडक कळत नाही. म्हणून रंग आणि आकार मिक्सिनमध्ये लिहून ते दोन्ही निवडकांत वेगवेगळे बोलवावे. ओळी दुप्पट होतील, त्याची काळजी करू नये.

प्रश्न : आता सीएसएसमध्येच व्हेरिएबल आणि नेस्टिंग (नियमाच्या आत नियम लिहिणे) आहे. मग सॅस कशाला?

उत्तर : ब्राउझरांतले नेस्टिंग २०२३ चे आहे, आणि वरच्या फोनवर ते चालणार नाही, सॅस मात्र ते आधीच उलगडून देते. रात्रीच्या गडद रंगसंगतीसारखे जे पान उघडे असताना बदलते, त्यासाठी सीएसएसचेच व्हेरिएबल घ्यावेत, कारण सॅसचे व्हेरिएबल ब्राउझरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विरघळलेले असतात.