डाइक आणि फॉल्टलगत बदलणारे खडकाचे गुणधर्म मॉडेलमध्ये कसे मांडावेत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : बेसाल्टमधील एक डाइक (जुन्या खडकात घुसून थिजलेली, भिंतीसारखी उभी लाव्हारसाची पट्टी) आणि त्याला छेदणारा फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची जागा) यांना आडवी जाणारी विद्युतरोधकतेची व चुंबकीय मोजणीची रेषा आपल्याकडे आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक खडकाला एकच मूल्य मागते, प्रत्यक्षात मात्र फॉल्टजवळचा खडक फुटलेला आणि ओला असतो. तेव्हा हा बदल मॉडेलमध्ये कसा आणावा? माझ्या मते तो अंतरावर आधारलेल्या एका साध्या सूत्राने आणता येतो. मात्र तो किती बारकाईने आणायचा, हे आपल्या मोजणीला काय दिसू शकते यावरून ठरवावे.

प्रथम, बदल कशामुळे झाला आहे ते स्पष्ट असले पाहिजे. फॉल्टच्या गाभ्यात खडकाचे चूर्ण होऊन चिकणमातीसारखा, पाणी अडवणारा पट्टा तयार होतो, तर त्याच्या दोन्ही बाजूंना भेगांचा पट्टा असतो व गाभ्यापासून दूर जावे तशी भेगांची संख्या झपाट्याने कमी होते. हा पट्टा दोन्ही बाजूंना सारखाच रुंद असतो असे धरून चालू नये. डाइकचे तसे नाही. त्याचा मधला भाग घट्ट असेल तर तो भूजल अडवतो आणि त्याच्या भेगाळलेल्या कडांमधून पाणी वाहते. त्यामुळे रोधकतेच्या छेदात मध्ये उंच आणि कडांना कमी असे चित्र मिळू शकते. नंदुरबार-धुळे भागात साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या डाइकच्या रांगा आहेत, तेथे हा विचार विहिरीची जागा ठरवताना थेट उपयोगी पडतो.

मॉडेल बांधताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी लाव्हाचे थर मांडावेत : काळा पाषाण (घट्ट बेसाल्ट), त्यावरील मांजऱ्या (वायूंच्या पोकळ्या असलेला बेसाल्ट), मधले लाल बोलचे (दोन थरांमधील लाल मातकट) पट्टे. मग फॉल्टने ते सरकवावेत, आणि शेवटी मॉडेलच्या जाळीतील प्रत्येक घरापासून फॉल्टच्या प्रतलापर्यंतचे सर्वांत कमी अंतर काढून, एका बाजूला धन व दुसऱ्या बाजूला ऋण चिन्ह देऊन, गुणधर्माची घट त्या अंतराच्या घातांकीय सूत्राने लावावी. ही घट मूळ मूल्याच्या पटीत असावी, सर्वत्र एकच आकडा असू नये. कारण पाषाणात सांधे उघडे राहतात, तर मांजऱ्या कुजून त्याची माती होते आणि भेगा बुजतात; एकाच फॉल्टचा दोन थरांवरील परिणाम वेगळा असतो. रोधकतेसाठी हे गणित लॉगरिदममध्ये करावे. २० आणि ५०० ओहम-मीटर यांच्या मध्ये साधी सरासरी २६० येते, लॉगरिदमने १००. पट्ट्याच्या रुंदीचा अंदाज या निवडीने सहज बदलतो.

घट किती मीटरांत विरावी, हा आकडा पुस्तकातून घेण्यापेक्षा जवळपासच्या उघड्या विहिरींच्या भिंतींवर, घाटातल्या किंवा रेल्वेच्या कापणीत भेगा मोजून घ्यावा. बेसाल्टच्या प्रदेशातील खोदलेल्या विहिरींइतकी चांगली उभी छेदचित्रे अभ्यासकाला क्वचितच फुकट मिळतात, आणि तरी त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

आता मुख्य अडचण. पातळ, उभ्या, विद्युतवाहक पट्ट्याच्या बाबतीत मोजणीला मुख्यतः जाडी आणि वाहकता यांचा गुणाकार कळतो; पाच मीटर जाडीचा चांगला वाहक आणि दहा मीटरचा त्याच्या निम्म्या वाहकतेचा पट्टा जमिनीवरून जवळजवळ सारखेच दिसतात. पातळ डाइकच्या चुंबकीय विसंगतीतही (भोवतालच्या क्षेत्रापेक्षा वेगळ्या आलेल्या मोजणीतही) जाडी आणि चुंबकन यांचा गुणाकारच हाती लागतो. गुरुत्वमापन जोडण्याचा विचार असेल तर एक हिशेब पाहा. दहा मीटर रुंद, भोवतालपेक्षा ०.१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरने हलका, १० ते १०० मीटर खोलीपर्यंतचा उभा पट्टा सुमारे ०.०३ मिलिगॅल (गुरुत्वातील सूक्ष्म फरक मोजण्याचे एकक) इतका परिणाम देतो. त्याचा माथा ५० मीटरांवर असेल तर तो सुमारे ०.००९ मिलिगॅल इतकाच उरतो आणि मोजणीतील गोंगाटात विरून जातो. अशा पट्ट्याच्या आत मूल्य कसे उतरत जाते हे रेखाटण्यात अर्थ नाही. एकच समतुल्य मूल्य द्यावे. उथळ पट्टा असेल आणि इलेक्ट्रोडमधील अंतर त्याच्या रुंदीच्या मानाने कमी असेल, तरच उतार दाखवावा, आणि मग पट्ट्याच्या रुंदीत किमान तीन-चार घरे बसतील अशी जाळी ठेवावी. तिरक्या फॉल्टसाठी त्रिकोणी जाळी बरी. चौकोनी जाळीत प्रतलाच्या पायऱ्या होतात.

चुंबकीय बाजूविषयी एकच सांगतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याने तेव्हाच्या क्षेत्राचे अवशिष्ट चुंबकन (थंड होताना खडकात कायम राहिलेले चुंबकत्व) जपले आहे, आणि त्याची दिशा आजच्या क्षेत्राशी बहुधा जुळत नाही. केवळ ससेप्टिबिलिटी (आजच्या क्षेत्रामुळे खडक किती चुंबकित होतो ते प्रमाण) बदलून विसंगती जुळवत बसल्यास कडेला असे पट्टे निर्माण होतील जे खडकात नाहीतच.

इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे मोजणीवरून उलट गणिताने मॉडेल काढताना, आणखी एक सापळा आहे. शेजारच्या घरांची मूल्ये फार वेगळी नसावीत ही गुळगुळीतपणाची अट स्वतःच प्रत्येक सीमेभोवती उतार निर्माण करते, त्यामुळे निकालात दिसलेला उतार खडकाचा की गणिताचा हे कळत नाही. पायगिमली (pyGIMLi) या सॉफ्टवेअरमध्ये भाग वेगळे क्रमांकित केल्यास सीमेपलीकडे ही अट लागू होत नाही. रेस-टू-डी-इन्व्ह (Res2DInv) या सॉफ्टवेअरमध्ये सीमा ठळक ठेवणारा पर्याय आहे. तो वापरून दोन मॉडेले करावीत, एक तीव्र सीमेचे आणि दुसरे उताराचे. दोन्हींपासून कृत्रिम मोजणी (मॉडेल खरे असते तर आली असती ती मोजणी) काढून त्यांतील फरक आपल्या मोजणीच्या त्रुटीशी ताडून पाहावा. फरक त्रुटीपेक्षा कमी असेल तर अहवालात साधे मॉडेल द्यावे आणि पट्ट्याची रुंदी एका आकड्याऐवजी किमान व कमाल अशा मर्यादांत लिहावी. एखादी विंधन विहीर घेण्याइतका निधी असेल, तर ती दोन मॉडेले जेथे सर्वाधिक वेगळी बोलतात तेथे, म्हणजे बहुधा गाभ्यापासून थोडी बाजूला, घ्यावी.